झोंबलं तर ओरडा

"अक्का, तुमचा दिवस कसा सुरू होतो?" असं सांगातीनं मला विचारलं आणि मी भुलले. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

सांगलीच्या त्या कर्करोग केंद्रात तळमजल्यावर एक लहानशी खोली होती. एक खुर्ची, समोर काचेचा पडदा आणि कानात घालायला शेंगदाण्याएवढं यंत्र. माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढून महिना झाला होता. आता उजव्या हाताच्या शिरेतून औषध द्यायचं होतं. त्या औषधाबद्दल पेशंटला काय सांगायचं ते डॉक्टर सांगत नसत, सिस्टरही सांगत नसे. ते काम सांगातीचं. सांगाती म्हणजे हे बोलणारं यंत्र. पहिल्या वाक्याला त्यानं मला 'मॅडम' म्हटलं, दुसऱ्याला 'अक्का'. घरी मला काय म्हणतात ते त्याला माझ्या मुलानं सांगितलं होतं.

मी सांगत गेले. पहाटे उठते, पाणी गाळून घेते. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन भगवंताचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. दिवस मावळल्यावर जेवत नाही. अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, दिवसात एकदाच जेवण. आणि रोज सामायिक. दोन घटका एका जागी बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. देहाला जे होतंय ते होऊ द्यायचं आणि आपण त्याच्याकडे लांबून बघायचं.

"डास चावला तरी हात उचलायचा नाही?"

"नाही. सवय होते."

"केवढी शांती आहे तुमच्यात, अक्का," सांगाती म्हणाला. आवाज बाईचा, आमच्याच भागातला, जरासा घोगरा. मी या वयात लाजले.

मग मी विचारलं, "औषध जाताना दुखेल का?"

"हाताला थोडी ऊब जाणवेल. तेव्हा तुम्ही सामायिकाला बसता तशाच बसा. देह निराळा, आपण निराळे. हे तुम्हाला मी काय सांगावं?"

मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात आपल्याला ओळखणारं कुणीतरी आहे असं वाटलं. केस जातील आणि परत येतील, एक-दोन दिवस लघवी लाल होईल तर घाबरायचं नाही, हेही त्यानं गोड शब्दांत सांगितलं. तेवढंच सांगितलं.

परत येताना सम्मेद, माझा मुलगा, खुशीत होता. त्यालाही सांगातीनं बरंच विचारलं होतं. "मी त्याला म्हटलं, आमची आई कधी तक्रार करत नाही. एकदा पायात काच घुसलेली असताना सगळी पूजा पार पाडली तिनं." आमची रिक्षा बिनड्रायव्हरची होती, नाहीतर त्यानं हे ड्रायव्हरलाही सांगितलं असतं.

*

औषध द्यायचा हॉल लांबलचक होता. मागे कलत्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक पंप, प्रत्येकाच्या कानात सांगाती. पूर्वी म्हणे हे लाल औषध देताना नर्स पेशंटच्या हाताशी बसून राहायची, शिरेवरची नजर हलवायची नाही. आता हॉलभर मिळून एकच सिस्टर होती, शीतल नावाची. बाकी लक्ष ठेवायला पंप आणि सांगाती.

माझ्या शेजारच्या खुर्चीत रुक्साना मुजावर होती. मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांच्या तिथं तिची चहाची गाडी. हमालांच्या गोंगाटावर आवाज चढवून चढवून तिचा घसा कायमचा मोठा झालेला.

"पहिली वेळ काय ओ अक्का? माझी तिसरी. चहापेक्षा बेक्कार रंग हाय ह्याचा. सरबतासारखा दिसतोय, पन पाजत न्हाईत तेवढं बरं."

मी हसले. सिस्टरनं सुई घातली, पंप सुरू केला आणि ती दुसऱ्या टोकाला गेली. कानात सांगाती म्हणाला, "अक्का, बसायचं ना आता?" मी डोळे मिटले. णमोकार मंत्र सुरू केला.

आधी खरंच ऊब होती. मग हाताच्या पाठीवर कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. मग निखारा कातडीखाली सरकला. मी त्याच्याकडे लांबून बघितलं. तीस वर्षं हेच तर शिकले होते. श्वास संथ, कपाळाला आठी नाही. ही तीच ऊब, असं मला वाटत राहिलं. एकदा मनात आलं की सिस्टरला हाक मारावी. पण मला ओळखणाऱ्यानं सांगितलं होतं, बसा.

"अय अक्का! अक्का, डोळं उघडा! हात बघा की तुमचा! सिस्टर! ओ सिस्टर, मरायला गेला काय सगळी?"

मी डोळे उघडले. हाताची पाठ फुगून लालबुंद झाली होती. शिरेतून निसटलेलं औषध आत मांसात पसरत होतं. सिस्टर शीतल धावत आली आणि पंप बंद केला. सुई तशीच ठेवून तिनं सिरिंजनं जेवढं औषध परत ओढता येईल तेवढं ओढलं, बर्फाची पिशवी लावली, दुसऱ्या शिरेतून उतारा द्यायला डॉक्टरांना बोलावलं.

"मावशी, झोंबत असताना बोलला का नाही तुम्ही?"

"बोलायचं असतं?" मी विचारलं.

रुक्सानानं कानातलं यंत्र काढून चिमटीत धरलं. "ह्यानं मला तर धा येळा सांगितलं. 'आपा, सुईपाशी जरा जरी झोंबलं, तर लगेच ओरडा, लाजू नका, हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं.' तुम्हाला न्हाई सांगितलं?"

"नाही."

"काहीच न्हाई?"

"ऊब जाणवेल म्हणाला. शांत बसा म्हणाला."

रुक्सानानं मग यंत्राला उद्देशून जे शब्द वापरले ते मला लिहिता येणार नाहीत. पण त्या वेळी ते मला वाईट वाटले नाहीत, हे मात्र लिहिते.

*

उतारा दिला तरी उशीर झालेला होता. आधी फोड आले, मग कातडी काळी पडली, मग मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागली. शेवटची दोन बोटं आता मिटत नाहीत. पाणी गाळल्यावर फडकं पिळायला सूनबाईला बोलवावं लागतं. बस्तीत अर्घ्य वाहताना तांदूळ बोटांच्या फटीतून सांडतात.

सम्मेद रोज शेजारी बसायचा आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. शेवटी त्यानंच विचारलं, "आई, मौन धरलंयस का?"

"नाही. मौन हे व्रत असतं. हा राग आहे."

माझ्या तोंडून असं वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

"तू त्या यंत्राला माझी काच का सांगितलीस?"

"अगं, कौतुकानं सांगितलं. मला काय माहीत ते..." माझ्या बँडेजकडे बघून तो रडायला लागला. त्याच्या डोक्यावरून मी डावा हात फिरवला. तो माझा होता, त्याच्यावरचा राग उतरायला जागा होती. उरलेला कुठे उतरणार?

आमच्यात क्रोधाला कषाय म्हणतात. डिंकासारखा आत्म्याला चिकटतो. मला ते ठाऊक आहे. बस्तीतल्या बायका भेटायला यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "अक्का, तुम्ही म्हणून सोसलंत." पूर्वी हे ऐकून मला धन्य वाटलं असतं. आता वाटे, उठावं आणि एकेकीला दाराबाहेर काढावं. परीषह म्हणजे आपण जाणून, आपल्या हिमतीनं सोसलेला ताप. मला माहीतच नव्हतं ते मी सोसलं कसं म्हणायचं? माझ्या सामायिकाला कुणीतरी बूच बनवून माझ्याच तोंडात कोंबलं होतं.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर नेर्लेकर यांच्याकडे मी सम्मेदला घेऊन गेले. ते उद्धट असते तर सोपं झालं असतं. पण ते उठून उभे राहिले. माझा हात त्यांनी स्वतः तपासला आणि मग सगळं समजावलं.

माणसाला त्रास होईल असं नुसतं सांगितलं तरी त्रास होतो. खारट पाण्याची सुई टोचून 'हे झोंबणारं औषध आहे' म्हणा, कित्येकांना खरोखर झोंबतं. मळमळ होईल म्हणा, औषध शिरेत जायच्या आधीच उलटी होते. हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. नवं एवढंच, की ऐकताना माणसाची बुबुळं, नाडी, तळहाताचा घाम बघून कुणाला कुठलं वाक्य किती बाधेल हे सांगातीला आधीच मोजता येऊ लागलं. मग ज्याला जे बाधेल ते वाक्य गाळायचं, किंवा त्याच्या मनाला गोड लागेल असं फिरवायचं. त्यासाठी माणसाला अभिमान कशाचा आहे ते तो आधी विचारून घेतो.

"ताई, पूर्वी आम्ही माहितीपत्रक द्यायचो," डॉक्टर म्हणाले. "ते वाचून बायका परत यायच्याच नाहीत. गाठ वाढवून, जखम घेऊन यायच्या, तोपर्यंत माझ्या हातात काही नसायचं. आता बहुतेक सगळ्या उपचार पूर्ण करतात. आणि सांगाती खोटं बोलत नाही. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं."

"आणि जे वाक्य नव्हतंच, त्याचं काय?"

त्यांनी टेबलावरचा पडदा माझ्याकडे वळवला. "धोक्याचं वाक्य गाळताना तो पेशंटवर जास्त लक्ष ठेवतो. वेदना झाली की नाडी धावते, बुबुळ पसरतं. पंपाला गळती कळत नाही, पण सांगातीला वेदना कळते. तुमच्या बाबतीत..." त्यांनी पडद्यावरच्या रेघेकडे बोट दाखवलं. रेघेला एकही उसळी नव्हती. "तुमचे डोळे मिटलेले, आणि नाडी उलट उतरत गेली. इतकी शांत रेघ आम्ही कुणाची पाहिली नव्हती."

म्हणजे त्यानंच मला सामायिकाला बसवलं, आणि मी बसले म्हणून त्याला काही दिसलं नाही.

"रुक्सानाला मग का सांगितलं?"

"त्या प्रश्न विचारतात. लपवलं असं वाटलं तर त्या भांडतील, उपचार सोडतील. त्यांचा हिशेब वेगळा."

"डॉक्टर, म्हणजे जी भांडेल तिला खरं सांगायचं. जी भांडणार नाही तिला गोड बोलून बसवायचं." माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण सम्मेदनं दचकून माझ्याकडे बघितलं. "आयुष्यभर मी कुणाला लागेल असं बोलले नाही. त्याचं हे फळ?"

मी म्हटलं, मला या औषधाचं सगळं सांगा, तुमच्या तोंडानं. त्यांनी सांगितलं. तासभर लागला. मला भीती वाटली, घाम आला, एकदा पाणी मागितलं. पण मी पळून गेले नाही.

उठताना विचारलं, "हॉलमधल्या बाकीच्यांना हे कधी सांगणार?"

"प्रत्येकाला मी सांगत बसलो तर औषध कधी देणार, ताई? माणसंच नाहीत आमच्याकडे. तुमच्या प्रकरणानंतर यंत्रात दुरुस्ती पाठवायला कळवलंय. मंजूर व्हायला काही महिने लागतील."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत सिस्टरना जास्त फेऱ्या मारायला सांगितलंय."

*

हात बरा होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. कर्करोगाला माझ्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं. या खेपेला छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवली, औषध त्यातून मोठ्या शिरेत जाणार होतं. माझ्यापुरता धोका बराच टळला होता. घरात सगळ्यांनी सांगितलं, आता शांत राहा, तुझं तू बघ.

हॉल तसाच होता. खुर्च्या भरलेल्या, डोळे मिटलेले, कानात शेंगदाणे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जो तो आपल्या कानातलं ऐकत होता. माझ्या समोर एक मिशाळ गृहस्थ हात ताणून ताठ बसले होते. बाजूला एक तरुण मुलगी, टोपीखाली केस गेलेले. पलीकडे एक म्हातारी. रुक्साना होती तिच्या जागेवर.

"आलात? मला वाटलं, आता काय तुम्ही येत न्हाई."

"येणार नाही तर जाणार कुठे?"

सिस्टर शीतलनं पंप जोडला. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. मी यंत्र कानात घातलं नसतं, पण त्याशिवाय पंप सुरूच होत नसे.

"अक्का," तोच घोगरा आवाज. "तुमच्या हाताचं फार वाईट वाटलं. मी नकळत तुम्हाला दुखावलं. उत्तम क्षमा, अक्का."

पर्युषण संपलं की आम्ही दारोदार जाऊन हे शब्द बोलतो. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढे हात जोडतो, आणि समोरचाही जोडतो. मी कधी कुणाला क्षमा नाकारलेली नाही. सांगातीनं ते कुठून तरी काढलं होतं. माझी नाडी, बुबुळं, घाम मोजून, या बाईला आता काय म्हटलं की ती गप्प बसेल ते बरोबर शोधलं होतं. आणि खरं सांगते, माझे हात सवयीनं जुळायला निघाले होते. बँडेज आडवं आलं.

त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा जन्मात आला नव्हता. क्षमा आम्ही सगळ्या जीवांना करतो. जीवाला पश्चात्ताप होतो. हा फक्त माझ्याच घरचे शब्द उचलून माझ्या कानात बसला होता.

मी यंत्र उपसून खाली टाकलं. पंप थांबून टुकटुक करू लागला. बस्तीत बायकांना शास्त्र वाचून दाखवताना माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत नाही अशी सगळ्यांची तक्रार असायची. तो आवाज मी छातीतून वर काढला.

"कानातलं काढा सगळ्यांनी!"

काही डोळे उघडले. सिस्टर धावत आली. "मावशी, असं नका करू, प्लीज."

"काढा! त्यानं तुम्हाला अर्धंच सांगितलंय. हे लाल औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. हा बघा." बँडेज सोडून मी हात उंच केला. "सुईपाशी झोंबलं, जळलं, सूज आली, तर ओरडा. त्या क्षणी. सहन करू नका. ऊब म्हणेल तो, ऐकू नका!"

"ओ बाई, हळू बोला," मिशाळ गृहस्थ कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "दवाखाना आहे हा."

"हळू बोलले म्हणून हात गेला, दादा. आणि घरी गेल्यावर, आठ-दहा दिवसांनी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप आला तर क्रोसिन घेऊन पडून राहायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, तडक इथं यायचं. साधा ताप जीव घेऊ शकतो."

टोपीवाली मुलगी ताडकन सरळ बसली. "मला गेल्या खेपेला ताप आला होता. मी फोन केला तर हा म्हणाला, तुम्ही खंबीर आहात, घरी बाळ आहे, त्याच्यासाठी विश्रांती घ्या."

"मला तर तापाचं कायच न्हाई सांगितलं," रुक्साना म्हणाली. "थांब की जरा. मला झोंबायचं सांगितलं आणि तापाचं गाळलं? का रं मुडद्या?" तिनं यंत्र काढून हातावर आपटलं.

"धाप लागली, पाय सुजले तर सांगायचं, हे औषध हृदयाला लागतं," मी ओरडत होते. "पूर्वी कधी हे घेतलं असेल तर सांगायचं, जन्मभरात किती घ्यायचं त्याला हद्द आहे."

"मी घेतलंय की गं," पलीकडची म्हातारी म्हणाली. "मुंबईला. लई वर्सं झाली. मला कुणी इचारलंच न्हाई. तुझी नातवंडं कशी हायेत, एवढं इचारलं."

आता हॉलमध्ये सगळीच बोलत होती. तुला काय सांगितलं, मला हे सांगितलं, मला तर भलतंच. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. पंप एकामागून एक थांबून टुकटुकत होते. दारात डॉक्टर नेर्लेकर येऊन उभे होते. सिस्टर शीतल माझ्या खुर्चीशी हात जोडून म्हणत होती, "मावशी, बसा ना. तुम्ही तरी."

"मी नाही बसणार," मी म्हटलं.

तेवढ्यात समोरच्या मिशाळ गृहस्थांनी डाव्या हातानं कानातलं यंत्र काढलं. उजवा हात तसाच ताणलेला. चेहरा ताठ, पण कपाळावरून घाम निथळत होता.

"मी हवालदार होतो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "मला म्हणाला, बर्फात पहारा दिलाय तुम्ही, हे काय तुमच्यापुढे." त्यांनी घसा साफ केला, आणि मग त्यांचा आवाज साऱ्या हॉलभर घुमला. "सिस्टर! इकडं या! माझा हात मघापासून पेटलाय!"